अक्कलखात्यातील नोंद

बालरोगतज्ज्ञाचा नाण्यांशी संबंध बहुधा क्ष-किरण चित्रातूनच येतो. दोन-अडीच वर्षांचे मूल, भेदरलेले आई-वडील आणि छातीच्या चित्रात मधोमध उमटलेली एक पांढरीशुभ्र चकती. समोरून घेतलेल्या चित्रात पूर्ण वर्तुळ दिसले तर नाणे बहुधा अन्ननलिकेत आहे आणि नुसती कड दिसली तर श्वासनलिकेची शंका घ्यावी, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. त्या चकतीवर कोणत्या राजाचे नाव आहे, ती कोणत्या टांकसाळीत पाडली गेली, हे प्रश्न त्या क्षणी कोणाला पडत नाहीत आणि पडूही नयेत. परंतु दवाखान्याबाहेर हेच प्रश्न वैद्यकीय व्यावसायिकांना फार पूर्वीपासून पडत आले आहेत, ही मोठी कुतूहलाची गोष्ट आहे.

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड कुष्ठरोगावर औषध शोधत होते, तसेच जुने शिलालेख आणि नाणीही वाचत होते. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत व्यवसाय करणारे डॉ. जर्सन द कुन्हा यांनी भारतीय-पोर्तुगीज नाण्यांवर ग्रंथ लिहिला. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ आणि शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांचा नाणेसंग्रह आज ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. निदान करणाऱ्या डोळ्याला पारखीचे वेड का लागत असावे, हे समजणे कठीण नाही. दोन्हीकडे लहानशा खुणेवरून मोठा निष्कर्ष काढायचा असतो.

तथापि या लेखाचा विषय थोर संग्राहक हा नाही. विषय आहे तो नवशिका संग्राहक, आणि त्याने पहिल्याच खरेदीत मोजलेला अवाच्या सवा भाव. आपल्या भाषेत अशा पैशांसाठी एक मार्मिक शब्दप्रयोग आहे. ते पैसे ‘अक्कलखाती जमा’ झाले, असे आपण म्हणतो. म्हणताना किंचित हसतो आणि विषय बदलतो. माझे म्हणणे असे की येथे विषय बदलू नये. खाते म्हटले की नोंद आली, तारीख आली आणि ताळेबंदही आला. नोंद न केलेले अक्कलखाते म्हणजे निव्वळ नुकसान होय.

हा प्रश्न आपल्या इंदूरकर मंडळींना इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे. होळकरांच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या कितीतरी घरांत देव्हाऱ्याच्या खणात, आजीच्या पितळी डब्यात किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात चार जुनी नाणी असतातच. ज्या लालबागेच्या आसमंतात आपण सकाळी फिरावयास जातो, तो राजवाडा तुकोजीराव द्वितीय यांच्या काळात उभा राहू लागला आणि तुकोजीराव तृतीय यांच्या काळात, १९२१ साली, पूर्ण झाला. इतका इतिहास भोवती असताना एखाद्या डॉक्टरला वयाच्या चाळिशी-पन्नाशीत नाण्यांचा छंद लागला तर नवल नाही. मात्र त्या वयात खिशात पैसा असतो आणि विषयाचे ज्ञान नसते. बाजाराला असे गिऱ्हाईक फार प्रिय असते.

माझ्या परिचयातील एका शल्यचिकित्सकाची गोष्ट सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, मात्र गोष्ट सांगण्यास त्यांची आनंदाने संमती आहे. काही वर्षांपूर्वी लालबागेत भरलेल्या एका मेळ्यात त्यांना चांदीचा एक रुपया दाखवण्यात आला. हा अहिल्याबाईंच्या वेळचा, एका जुन्या सरदार घराण्यातून आलेला, असे विक्रेत्याने सांगितले. मातोश्रींचे नाव ऐकताच त्यांनी हात जोडले आणि बारा हजार रुपये मोजले. पुढे जाणकारांना दाखविल्यावर कळले की नाणे अस्सल आहे, चांदी अस्सल आहे, टांकसाळही मल्हारनगरची म्हणजे आपल्या इंदूरचीच आहे. खोटी होती ती केवळ गोष्ट. नाणे अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी पाडलेले होते आणि त्याची किंमत त्या काळी दोन-अडीच हजारांच्या पुढे जात नव्हती.

फरक कशात होता, हे समजून घेण्यासारखे आहे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात राज्य केले, परंतु त्यांच्या नाण्यांवर त्यांचे नाव वा मुखचित्र नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे ती दिल्लीचा बादशहा शाह आलम याच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडली गेली. शिवलिंग आणि बिल्वपत्र या खुणांवरून महेश्वरच्या टांकसाळीचे नाणे ओळखता येते. मल्हारनगरच्या नाण्यांवर किरणे फाकलेला सूर्याचा मुखवटा आढळतो. शाह आलम १८०६ साली वारला, परंतु त्याच्या नावाने नाणी पाडण्याची प्रथा त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली. म्हणून बादशहाचे नाव वाचता आले एवढ्याने काळ ठरत नाही. तो ठरवावा लागतो सनावरून, आणि तेथे हिजरी सन, राज्यारोहणाचे वर्ष, शके व विक्रम संवत असा गुंता असतो. शकात ७८ मिळवले किंवा संवतातून ५७ वजा केले की स्थूलमानाने इसवी सन मिळतो. हिजरी सन चांद्रमासांचा असल्याने त्याला असा सरळ हिशोब लागू पडत नाही.

शिवाय ही नाणी हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे संपूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच उमटतो. एकाच दिवशी एकाच ठशाखाली पाडलेल्या दोन नाण्यांपैकी एकावर टांकसाळीचे नाव आणि सन स्पष्ट उमटतो, तर दुसऱ्यावर दोन्हीही चकतीबाहेर जातात. पहिल्याला मान मिळतो, दुसऱ्याला जवळपास केवळ चांदीचा भाव. कोऱ्या डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. रुग्णाच्या नातेवाइकाला दोन क्ष-किरण चित्रे सारखीच दिसतात, तसेच हे आहे.

आता आमच्या शल्यचिकित्सकांनी काय केले ते पाहा. त्यांनी ते नाणे विकले नाही, लपवलेही नाही. संग्रहाच्या पहिल्या पानावर ते ठेवले आणि शेजारी चिठ्ठी लावली. खरेदीची तारीख, मोजलेली रक्कम, विक्रेत्याने सांगितलेली हकीकत आणि खाली खरी ओळख. त्यानंतर त्यांनी सेठी, भट्ट आणि होळकर या तिघांनी लिहिलेला, १९७६ साली आपल्या इंदुरातच प्रसिद्ध झालेला होळकर राज्याच्या नाण्यांवरील इंग्रजी ग्रंथ मिळवला. आकडे वाचण्यापुरती फारसी शिकले. वर्षभर एकही नाणे विकत घेतले नाही, केवळ पाहिली. आज त्यांचे मत विचारावयास लोक त्यांच्या घरी येतात आणि ते प्रथम ते पहिले पान उघडून दाखवतात.

दुसरे एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांच्या बाबतीत असाच प्रकार घडला. त्यांना सत्य समजले, तेव्हा त्यांनी तीच हकीकत सांगून, तोच भाव लावून, ते नाणे नात्यातल्या एका तरुणाला दिले. आपले पैसे वसूल झाले म्हणून ते समाधानी आहेत. माझ्या मते नुकसान झाले ते याच गृहस्थांचे. पहिल्याने पैसे गमावले आणि विद्या मिळवली. दुसऱ्याने पैसे परत मिळवले आणि रोगाचा वाहक होऊन बसला. संसर्ग एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. येथेही साखळी तोडणारा कोणीतरी लागतो, आणि ती तोडण्याची किंमत बहुधा त्यालाच मोजावी लागते.

कोणी म्हणेल, ही फसवणुकीची भलावण झाली. तसे नाही. चढा भाव आणि लबाडी यांत भेद करावयास हवा, आणि तो न करणे हीच नवशिक्यांची खरी अडचण आहे. अस्सल नाण्याला अधिक दाम पडले तर तो व्यवहारातील अनुभव मानावा. पुढील वेळी चार ठिकाणी विचारावे. अस्सल नाण्याला खोटी हकीकत जोडली असेल तर विकत घ्यावे ते नाणे, हकीकत नव्हे. हा नियम लक्षात ठेवला तर निम्मे संकट टळते. नाणेच बनावट असेल तर मात्र ती सरळ लबाडी आहे. बाजारात ‘ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ चे’ म्हणून राम-सीता किंवा हनुमान यांची चित्रे असलेली तांब्याची जाडजूड नाणी सर्रास मिळतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. तिची संपूर्ण मुलखासाठीची एकसारखी नाणी १८३५ पासूनची आहेत. तांदळाचे दाणे ओढून घेणारे चमत्कारी नाणे म्हणून जे काही विकले जाते, त्याविषयी तर लिहिण्याचीही लाज वाटते. पण त्यात सुशिक्षित माणसेही गुंतली आहेत. आणि घरातील जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्या भामट्यांविषयी रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. आपल्या नावाने असे कमिशन वा शुल्क मागण्याचा अधिकार बँकेने कोणालाही दिलेला नाही, हे तिने स्पष्ट केले. या प्रकारांत अक्कलखाते नव्हे, पोलीस ठाणे गाठावे.

बनावटीच्या बाबतीत आपले वैद्यकीय शिक्षण उपयोगी पडते. इंग्रजी अमदानीतील १८३५ पासून १९४० पूर्वीपर्यंतच्या चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि शुद्धता शेकडा ९१.७, म्हणजे त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या दराने गुणले की कोणत्याही रुपयाची किमान किंमत हाती येते. त्यावर जे काही मागितले जाते ते दुर्मीळतेचे आणि स्थितीचे मोल, आणि त्याचे कारण विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. अशा रुपयाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.३ भरते. लघवीचे विशिष्ट गुरुत्व आपण पाहत आलो आहोत, मग नाण्याचे पाहण्यास काय हरकत? चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. ओतीव बनावटीच्या कडेवर जोडरेषा दिसते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे. आपले पूर्वज नाणे वाजवून घेत असत. आपण निदान तोलून तरी घ्यावे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. घरात सापडलेले जुने नाणे चिंच, राख वा दंतमंजन लावून घासू नये. काळपट थर हा मळ नव्हे, ती त्याची त्वचा आहे. ती सोलली की नाणे चमकते आणि त्याचे मोल घसरते. बालरोगतज्ज्ञाच्या भाषेत सांगायचे तर, ज्याला काही झालेले नाही त्याच्यावर उपचार करू नयेत.

येथपर्यंत संग्राहकाविषयी झाले. परंतु स्मरणिकेतील चार पाने मी केवळ छंदाकरिता अडवलेली नाहीत. चढ्या भावाचे मूळ कारण काय, हा प्रश्न आपल्या व्यवसायापर्यंत येऊन पोहोचतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की विक्रेत्याला वस्तू ठाऊक आहे आणि ग्राहकाला नाही, अशा ठिकाणी वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु त्यापूर्वीच, १९६३ साली, केनेथ ॲरो यांनी ज्ञानाच्या अशा विषमतेचा विचार केला होता, आणि त्यांनी निवडलेले क्षेत्र मोटारींचे नव्हते, वैद्यकीय सेवेचे होते. डॉक्टरला जे ठाऊक असते ते रुग्णाला ठाऊक नसते, म्हणूनच तेथे बाजाराचे नेहमीचे नियम पुरे पडत नाहीत आणि विश्वासाची गरज लागते, असा त्यांचा आशय होता. लालबागेच्या मेळ्यात गालिच्यावर नाणी मांडून बसलेल्या माणसासमोर आपण जसे उभे असतो, तसे आपल्या टेबलासमोर आई-वडील रोज बसलेले असतात. तेथे नवशिके आपण असतो. येथे माहीतगार आपण.

अतिसाराने सुकलेल्या मुलाला काय वाचवते? कोलकात्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते मोठ्या प्रमाणावर पाजले आणि असंख्य जीव वाचवले. हे द्रावण अल्प किमतीचे आहे. तरीही चार रुपयांच्या पुडीवर पालकांचा विश्वास बसत नाही आणि रंगीत बाटलीवर बसतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्या क्षणी विक्रेत्याने सरदार घराण्याची हकीकत सांगावी तशी एखादी हकीकत आपणही सांगू शकतो. पालक ती ऐकतील, हात जोडतील आणि पैसे मोजतील. त्यांना कदाचित कधीच कळणार नाही. नाण्याचे निदान दुसऱ्या जाणकाराकडे नेता येते. बरे झालेल्या मुलाला अमुक औषधाची गरज होती की नव्हती, हे कोणाकडे नेऊन तपासायचे?

केवळ ज्ञानाने सचोटी येते, अशा भ्रमात कोणी राहू नये. नाण्याची स्थिती १ ते ७० गुणांत मोजण्याची जी पद्धत आज जगभर प्रचलित आहे, ती विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने १९४९ साली मांडली. हा माणूस वैद्यकीय पदवीधर होता. माणसांची देहयष्टी तीन प्रकारांत विभागणारा शेल्डन तो हाच. नवजात बालकाला गुण देण्याची पद्धत व्हर्जिनिया ॲपगार यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत दिली, त्यामुळे हे साम्य मला नेहमी मनोरंजक वाटते. पण शेल्डनच्या मृत्यूनंतर उघडकीस आले की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम प्रतीची नाणी त्याने उचलून त्या जागी हलकी नाणी ठेवली होती. नाण्याची प्रत ठरवण्याची मोजपट्टी जगाला देणाऱ्याच्याच हातून हे घडले. मोजपट्टी हातात असणे आणि माप खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून मला चढ्या भावाने घेतलेले ते पहिले नाणे मोलाचे वाटते. ज्ञान नसलेला माणूस विश्वासाने पैसे मोजतो तेव्हा त्याला नेमके काय वाटते, आणि सत्य कळल्यावर त्याला पैशांपेक्षा अधिक काय बोचते, हे त्या शल्यचिकित्सकांना आता पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते मला म्हणाले, बारा हजारांचे दुःख महिनाभर टिकले, परंतु मी हात जोडले होते हे दुःख अजून गेलेले नाही. त्यानंतर ते आपल्या प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेचा खर्च बाबवार लिहून देतात आणि दुसरे मत घेण्यास स्वतः सुचवतात. अक्कलखात्याचा असा ताळेबंद मी दुसरा पाहिलेला नाही.

नवशिक्या सभासदांसाठी काही व्यावहारिक सूचना. आरंभ लहान नाण्यांपासून करावा. यशवंतराव होळकर द्वितीय यांचे संवत १९९२ चे, म्हणजे १९३५ चे, तांब्याचे पाव आणा आणि अर्धा आणा हे त्यासाठी उत्तम आहेत. त्यांवर सन स्पष्ट असतो आणि चूक झालीच तर ती परवडते. ग्रंथ आधी घ्यावा, नाणे नंतर. कोणी यशवंतराव प्रथम यांचा शके १७२८ चा, संस्कृत लेखाचा रुपया स्वस्तात देऊ लागला तर ते अत्यंत दुर्मीळ नाणे आहे, हे आठवून हात मागे घ्यावा. शासनाने काढलेली स्मारक नाणी, उदाहरणार्थ अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे प्रकाशित झालेले ३०० रुपयांचे नाणे, ही चलनासाठी नसतात आणि टांकसाळ ती दर्शनी मूल्याहून अधिक दराने विकते. ती आवड म्हणून घ्यावीत, गुंतवणूक म्हणून नव्हे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते. ते परदेशी राहणाऱ्या मुलाकडे परस्पर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

आणि शेवटी एक विनंती संस्थेला. वर्षातून एक सायंकाळ अशी ठरवावी की सभासदांनी आपापल्या घरातील जुन्या नाण्यांचे डबे आणावेत, मुलानातवंडांना बरोबर आणावे आणि प्रत्येक नाण्याबरोबर ते किती रुपयांना घेतले हेही मोकळेपणाने सांगावे. कोणी कोणाला हसू नये. वजनकाटा आणि भिंग मी आणीन. ज्या मुलांनी नाणी गिळण्याचे वय नुकतेच ओलांडले आहे, त्यांना ती वाचण्याचे वय लागले आहे हे दाखवण्याची ती उत्तम संधी ठरेल. मोठ्यांना आपला अनुभव न लपवता सांगता येतो, हेही त्यांना त्याच टेबलावर पाहावयास मिळेल.